पाकिटावर नाव टाकून देणारं दुकान: जळगावातला माझा अनुभव

लग्नाच्या पत्रिका छापून देणारी दुकानं जळगावात पैशाला पासरी आहेत. पाकिटावर नावं टाकून देणारं, आणि नाव टाकायच्या आधी चार प्रश्न विचारणारं दुकान मात्र मला हे एकच भेटलं. फुले मार्केटच्या बाजूच्या गल्लीत आहे, जिन्याखाली, दोन माणसं आत बसली की तिसऱ्याने बाहेर उभं राहायचं एवढीच जागा. दुकानाचं नाव इथे टाकत नाही, कारण खाली तक्रारीही लिहिल्या आहेत आणि एवढ्याशा दुकानाला त्या नावासकट चिकटलेल्या मला बऱ्या वाटणार नाहीत. पत्रिकांच्या गल्लीत "नावं कोण टाकून देतं?" एवढं विचारलं तरी पुरेल.

भावाच्या मुलीचं लग्न आखाजीनंतरचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरचं, ठरलं आणि पत्रिकेचं खातं माझ्याकडे आलं. मी भुसावळला आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वे डाक सेवेत, सॉर्टिंगला होते. पत्ता वाचून पत्र योग्य खान्यात टाकायचं, हेच माझं नोकरीभर काम. त्यामुळे घरात कुणाचंही लग्न निघालं की "पाकिटं आत्याकडे" हे ठरलेलं. या वेळी मात्र यादी एवढी वाढली की हाताने लिहिणं मला झेपणारं नव्हतं, आणि भाचीला अक्षर एकसारखं हवं होतं. म्हणून दुकान शोधलं.

भाव आधी सांगते. हाताने नाव टाकायचे पाकिटामागे तीन रुपये, संगणकावर छापलेलं स्टिकर लावून दीड रुपया. पत्रिका त्यांच्याकडेच छापली पाहिजे अशी सक्ती नाही. हाताने लिहिण्याचं काम चित्रकला शिक्षक म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ करतात, सगळे त्यांना मास्तर म्हणतात. संगणकावर एक तरुण मुलगा बसतो.

मी भावाची जुनी वही पुढे केली. आमच्या घरातल्या सगळ्या लग्नांच्या याद्या तिच्यात आहेत. मास्तरांनी ती घेतली नाही. त्यांनी स्वतःचा छापील तक्ता दिला आणि म्हणाले, "ताई, आधी हा घरी बसून भरा. मग वही लागणार नाही." त्यातले रकाने बघून मला त्या माणसाबद्दल आदर वाटला. वडिलांच्या नावासह पूर्ण नाव. गावात कशाने ओळखतात. गाव, तालुका, पिन. पाकीट हातोहात जाणार की पोस्टाने. कोणी कोणी यायचं. नाव कसं टाकायचं. आणि या सगळ्यांच्या मध्ये एक लहानसा रकाना, त्याच्या डोक्यावर एकच शब्द: चुली.

या रकान्यासाठी मी त्या दुकानाला पैकीच्या पैकी गुण देते.

आपल्याकडे एका ओट्यावर दोन भाऊ राहतात. दार एक, अंगण एक, नळही एकच. पण वाटणी झालेली असली की चुली दोन. थोरल्याच्या नावाने एकच पाकीट टाकलं, तर धाकटा लग्नाला येतो, जेवतो, आहेर करतो, तोंडाने काही बोलत नाही. त्याच्या घरचं कार्य निघालं की मग आपल्याकडे पाकीट येत नाही, आणि का येत नाही हे विचारायचीही सोय राहत नाही. उलट चार भाऊ एका चुलीवर असतील आणि आपण चौघांच्या नावाने चार पाकिटं दिली, तर घरातली म्हातारी ती चार पाकिटं हातात घेऊन बघत बसते, कारण आपण तिचं घर कागदावर वेगळं करून टाकलेलं असतं. तिथे एकच पाकीट, घरात जो वडीलधारा असेल त्याच्या नावाने, आणि खाली 'सहकुटुंब सहपरिवार'. नियम एवढाच: पाकिटं दारांवर नाही, चुलींवर मोजायची. तक्ता भरताना वहिनीने आणि मी एकेक घर आठवून चुली लिहिल्या आणि जुन्या वहीतली कितीतरी घरं तेव्हा दुरुस्त झाली. वही भरली तेव्हा जे एकत्र होते ते आता वेगळे निघाले होते. एका घरी तर उलटं झालं होतं, वेगळे झालेले भाऊ आई अंथरुणाला खिळल्यावर पुन्हा एकत्र आले होते. तिथे दोन पाकिटं गेली असती तर बरं दिसलं नसतं.

'कोणी कोणी यायचं' हा रकाना लोक घाईत भरतात, पण पाकिटावरचं नाव म्हणजे माणसांची मोजणीच असते. नुसतं 'श्री.' आणि पुरुषाचं नाव असेल तर एका माणसाला बोलावणं. 'श्री. व सौ.' असेल तर दोघांना. 'सहपरिवार' असेल तर घराला. ज्या घराला चूलबंद आवतण आहे, म्हणजे त्या दिवशी त्यांच्याकडे चूल पेटायचीच नाही, त्या घराच्या पाकिटावर 'सहपरिवार' राहून गेलं तर तोंडी कितीही आग्रह करा, त्या घरातल्या सुना येत नाहीत. पाकीट वाचूनच त्या ठरवतात. मास्तर चूलबंद घरांपुढे तक्त्यात लाल टिंब करतात आणि लिहून झाल्यावर लाल टिंबांची पाकिटं वेगळी काढून पुन्हा वाचतात. ही दुसरी फेरी पैसे देऊनही कुठे मिळत नाही.

नावांचा गोंधळ आपल्याकडचा वेगळाच. खानदेशात आडनावावर पत्र पोचत नाही. गावच्या गाव पाटील, नाहीतर चौधरी, नाहीतर महाजन. आमच्या यादीत एकाच गावचे एस. आर. पाटील तिघं होते. एक शाळेत, एक केळीवाले, एक एसटीतून निवृत्त. तिघांनाही बोलवायचं होतं आणि तिघांनाही आपलंच पाकीट मिळायला हवं होतं. इंग्रजी आद्याक्षरं लिहायची लोकांना हौस आहे, पण पाकिटावर ती लिहू नयेत, वडिलांचं नाव पूर्ण लिहावं. तेवढ्याने तिघांतला एक वेगळा झाला. उरलेले दोघं वेगळे झाले ते 'गावात कशाने ओळखतात' या रकान्याने. ही ओळख मास्तर पुढच्या बाजूला लिहीत नाहीत. टोपणनाव कितीही प्रेमाचं असो, लग्नाच्या पाकिटावर तोंडावर ते नको. पाकिटाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, पेन्सिलीने, बारीक अक्षरात ते लिहितात. वाटायला जाणारा पोरगा झाकण उचलून वाचतो, घर शोधतो, आणि पाकीट देण्याआधी बोटाने पुसून टाकतो. वाटपाला आमचा पुतण्या आणि त्याचा मित्र मोटरसायकलवर गेले होते, त्यांना या पेन्सिलीचा फार उपयोग झाला.

आता 'नाव कसं टाकायचं'.

आमच्या एक चुलतकाकू अमळनेरच्या बाजूला राहतात. काका जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा सुरतला कापडाच्या धंद्यात. जुन्या वहीत त्या घराचं पाकीट मुलाच्या नावाने होतं, आणि आजवर आमच्याकडच्या सगळ्या लग्नांना ते तसंच गेलेलं. मास्तर तक्ता तपासत त्या ओळीवर थांबले.

"ताई, या घरात राहतं कोण?"

"काकू. एकट्याच."

"आणि मुलाला सुरतचं पाकीट वेगळं आहेच ना? मग हे काकूंच्या नावाने."

"हो, काकूंच्याच."

"पुढे काय लावू?"

भाऊ सोबत होता. तो म्हणाला, गं.भा. (गंगा भागीरथी) लावा, पद्धत आहे. मी म्हटलं, श्रीमती. मास्तर म्हणाले, "तुम्ही दोघांनी कशाला ठरवायचं? त्यांना विचारा की." मी तिथूनच फोन लावला. काकू अहिराणीत म्हणाल्या, "काहीच नको लावू माय. नुसतं नाव लिख. पुरं लिख." मास्तरांनी पूर्ण नाव लिहिलं, त्यांचं, काकांचं, आडनाव, आणि पुढच्या ओळीत सहपरिवार. पाकीट द्यायला भाऊ स्वतः गेला. त्याने सांगितलं, काकूंनी चष्मा लावून आधी नाव वाचलं आणि शेजारणीला हाक मारून म्हणाल्या, "हाई पाकीट मन्हा नावनं से!" म्हणजे, हे पाकीट माझ्या नावाचं आहे! लग्नाला त्या दोन दिवस आधीच आल्या.

मला हे मनापासून लिहायचं आहे, म्हणून थोडं लांबलं तरी चालेल. नवरा गेला की बाईचं नाव पाकिटावरून जातं. घर तिचं असतं, आहेर ती करते, मुलीकडची साडी ती निवडते, आणि पाकीट मुलाच्या नावाने. मुलगा पंधरा वर्षांचा असला तरी त्याच्या नावाने. २०२२च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याचं सगळ्या महाराष्ट्रात कौतुक झालं. २०२३ मध्ये विधवांच्या नावाआधी गं.भा. लावायचा सरकारी प्रस्ताव निघाला, त्यावर बरंच रान उठलं. हे सगळं पेपरात वाचणारी माणसं स्वतःच्या घरच्या पत्रिकेच्या यादीत मात्र काही बदलत नाहीत. ठरावाची गरजही नाही, पाकिटावर नाव बदलायला एक पेन पुरतं. काय लावायचं ते तिला विचारा. श्रीमती म्हणाली तर श्रीमती, काहीच नको म्हणाली तर काहीच नको. 'कै. अमुक यांचे कुटुंबीय' असंही काही जण लिहितात, ते मला अजिबात पटत नाही. मंगल कार्याच्या पाकिटावर गेलेल्या माणसाला पुढे करून जिवंत माणसं मागे लपवायची कशाला?

सवाष्णींचंही तेच, थोड्या वेगळ्या तऱ्हेने. 'श्री. अमुक व सौ.' एवढं लिहून सोडतात. ती सौ. कोण, तिला नाव नाही का? बरेचदा नातं तिचंच असतं, ती आपल्या घरची लेक असते आणि जावयाला आपण तिच्यामुळे ओळखतो. मास्तरांच्या तक्त्यात सौ.च्या पुढे रिकामी ओळ आहे आणि ती भरल्याशिवाय ते पाकीट लिहायला घेत नाहीत. आमच्या काही नात्यातल्या बायकांची नावं आम्हालाच माहीत नव्हती, 'बोदवडवाली', 'पारोळ्याची वहिनी' एवढंच. वहिनीने फोन करून करून ती मिळवली.

व्याह्यांच्या पाकिटाला मात्र चुलीचा नियम लागत नाही. लेक दिलेल्या घरी सासऱ्यांच्या नावाने एक आणि लेक-जावयाच्या नावाने एक, चूल एक असली तरी दोन. आणि ही पाकिटं पोस्टाने जात नाहीत. हळदीकुंकू लावून, नारळ घेऊन, घरातलं मोठं माणूस ती घेऊन जातं. मास्तर ही वेगळ्या गठ्ठ्यात बांधून वर 'स्वतः' असं लिहून देतात.

पदव्यांबद्दल थोडक्यात. डॉक्टर, ॲडव्होकेट लिहावं. सरपंच, विकास सोसायटीचे चेअरमन, यांनाही पद आवडतं, लिहावं. पण पद सोडलेल्या माणसाला 'मा. सरपंच' लिहिताना 'मा.' म्हणजे माननीय की माजी, यावरून रुसवे होतात. मास्तर सरळ 'माजी' पूर्ण लिहितात किंवा पद सोडून नुसतं भाऊसाहेब, नाना, आप्पा जे रूढ असेल ते नावाला जोडतात. मला दुसरा मार्ग जास्त आवडला.

आता पोस्टाची बाजू. इथे दुकानाला गुण थोडे कमी.

पत्रिकेची पाकिटं हल्ली गडद मरून किंवा गर्द हिरवी, त्यावर सोनेरी अक्षरात पत्ता. दिसतं सुंदर. पण सॉर्टिंगच्या टेबलावर, रात्रीच्या ट्यूबलाइटखाली, ती सोनेरी अक्षरं चमकतात आणि वाचता येत नाहीत. पाकीट तिरकं धरून वाचावं लागतं आणि गर्दीच्या दिवसात तेवढा वेळ कोणाकडे नसतो. आणखी एक, बहुतेक पाकिटांवर उजव्या वरच्या कोपऱ्यात गणपती छापलेला असतो. ती जागा तिकिटाची. तिकीट गणपतीवर चिकटवायचं कोणाला पटत नाही, मग ते मध्ये कुठेतरी लावलं जातं आणि पत्त्याची जागा खातं. मी दुकानात सांगितलं, पोस्टाने जाणाऱ्यांसाठी साधी क्रीम रंगाची पाकिटं द्या, गणपती डावीकडे घ्या. त्यांनी दिली, पण मी सांगितल्यावर. तक्त्यात 'पोस्टाने' असा रकाना आहेच, तर हे त्यांनी आपणहून सांगायला हवं होतं. जाड पत्रिकेचं वजन २० ग्रॅमच्या वर जातं आणि मग तिकीट जास्त लागतं, हेही गिऱ्हाइकाला कोणी सांगत नाही. तिकीट कमी पडलं की जास्तीचे पैसे पाहुण्याकडून वसूल होतात. निमंत्रण द्यायचं आणि त्याचे पैसे पाहुण्याने भरायचे, याहून वाईट काय? एक भरलेलं पाकीट आधी काट्यावर ठेवून बघावं.

पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी माणूस, संस्कृतचे पंडित. सहा आकड्यांतले पहिले तीन बघून पिशवी कुठे जायची ते ठरतं. आपल्याकडे लोक जिल्ह्यावरून पिन अंदाजाने लिहितात आणि तिथेच फसतं. जळगाव ४२५००१, धुळे ४२४००१, म्हणून जळगाव जिल्हा सगळा ४२५ आणि धुळे जिल्हा सगळा ४२४ असं नाही. चाळीसगाव जळगाव जिल्ह्यात, पण त्याचा पिन ४२४१०१. पाचोऱ्याचा ४२४२०१. शिरपूर धुळे जिल्ह्यात, त्याचा ४२५४०५, आणि दोंडाईचा ४२५४०८. दुकानातल्या मुलाने शिरपूरच्या आमच्या पाहुण्यांना ४२४ लावला होता, तो मी प्रूफमध्ये पकडला. तालुका लिहिणंही तितकंच गरजेचं. निंभोरा भुसावळ तालुक्यात आहे आणि रावेर तालुक्यातही. बुद्रुक आणि खुर्द तर जागोजागी.

सुरतच्या पाकिटांबद्दल मास्तरांचं आणि माझं लगेच जमलं. आपली अर्धी भाऊबंदकी उधना, लिंबायतला आहे. नाव मराठीत सुंदर लिहावं, पण गाव, राज्य आणि पिन इंग्रजीत, नाहीतर तिथला पोस्टमन अडतो. बऱ्हाणपूर-खंडव्याकडच्यांना मराठी लिपीचं काही अडत नाही, देवनागरीच आहे. मागच्या बाजूला प्रेषकाचा पत्ता हवाच. आमच्या भावाला तो नको होता, पाकीट खराब दिसतं म्हणून. पण पाहुण्यांनी घर बदललेलं असतं, पाकीट परत येतं, आणि पाठवणाऱ्याचा पत्ता नसेल तर ते परत येणार कुठे? परत आलं तर निदान कळतं आणि फोन तरी करता येतो.

जुनं एक सांगावंसं वाटतं. आमच्या आजोबांच्या कपाटात एक पत्रिकेचं पाकीट होतं, त्यावर गावानंतर 'पूर्व खानदेश' असं लिहिलेलं. १९०६ साली खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, नंतर त्यांची नावं जळगाव आणि धुळे झाली, आणि १९९८मध्ये नंदुरबार वेगळा निघाला. त्या पाकिटावर पिन नाही, गल्ली नाही, नुसतं रा. रा. (राजमान्य राजेश्री) करून नाव, गाव आणि जिल्हा. तेव्हा तेवढ्यावर पोचायचं. मास्तरांना मी ते दाखवलं, तर त्यांनी त्यावरचं वळण बघून घेतलं आणि आमच्या पत्रिकेच्या पाकिटांवर 'श्री'चा वेलांटीचा फाटा तसाच ओढला. हा त्यांचा मोठेपणा.

स्टिकरचं काम मात्र तोलून घ्यावं. आम्ही पुण्या-मुंबईच्या आणि ऑफिसच्या पाकिटांना स्टिकर घेतली, पैसे वाचतील म्हणून. यादी आम्ही मोबाइलवर टाइप करून पाठवली होती. मोबाइलचं मराठी युनिकोडमध्ये, दुकानातलं सॉफ्टवेअर जुन्या फॉन्टचं, मधे रूपांतर होतं. त्यात बाकी सगळं नीट येतं आणि नेमका 'ऱ्ह' फुटतो. भुसावळजवळचं कुऱ्हे हे गाव पहिल्या प्रूफमध्ये 'कु' नंतर एक चौकोन आणि मग 'हे' असं छापून आलं. हे समजण्यासारखं आहे, सांगितल्यावर मुलाने हाताने दुरुस्तही केलं.

समजण्यासारखं नाही ते दुसरं. त्या मुलाने सगळ्या स्टिकरवर एकदम 'श्री.' लावून टाकलं होतं. भाचीच्या ऑफिसातल्या मैत्रिणींच्या नावापुढे श्री. तिच्या प्राध्यापक बाईंच्या नावापुढे श्री. आणि जिथे रकान्यात बाई असं दिसलं, तिथे नंतर सरसकट 'सौ.' केलं. त्यात दोघी अविवाहित आणि एक जण नवऱ्यापासून वेगळी झालेली. तक्त्यात 'नाव कसं टाकायचं' हा रकाना आम्ही मेहनतीने भरला होता आणि संगणकाच्या माणसाने तो वाचलाच नाही. मास्तर जे एकेका नावावर थांबून विचारतात, ते त्यांच्याच दुकानातल्या दुसऱ्या खुर्चीपर्यंत पोचलेलं नाही. मी हे शांतपणे पण स्पष्ट सांगितलं. मालकांनी वाद घातला नाही. स्टिकरचे पैसे परत दिले नाहीत, पण तेवढी पाकिटं मास्तरांकडून हाताने लिहवून दिली, जास्तीचे पैसे न घेता. मला ते रास्त वाटलं.

आणखी एक, उन्हाळ्यात स्टिकरची कड उचकटते. आपल्याकडचा एप्रिल-मे कसा असतो ते सांगायला नको. मोटरसायकलच्या डिकीत दुपारभर राहिलेल्या पाकिटांची स्टिकर एकमेकांना चिकटली होती. हाताच्या लिखाणातही शाई बघून घ्या. गुळगुळीत पाकिटावर बॉलपेन घसरतं आणि जेलपेन घामाच्या बोटाला लागतं. मास्तर कट निबचं मार्कर वापरतात आणि लिहिलेली पाकिटं पंख्याखाली एकेक पसरून वाळवतात, त्यामुळे पुसलं गेलेलं एकही निघालं नाही. पाकिटं मॅट कागदाचीच निवडा, असा त्यांचा आग्रह असतो, तो ऐकावा.

व्हॉट्सॲपवर पाठवायच्या पत्रिकेवरही ते पाहुण्याचं नाव टाकून देतात, एका नावाचे दोन रुपये. ते आम्ही थोड्यांपुरतं घेतलं. लांबचं नाव असलं की शेवटचं 'सहपरिवार' चौकटीबाहेर जाऊन कापलं जातं, आणि मग त्या पाहुण्याला एकट्यालाच बोलावल्यासारखं होतं. हे काम मी पुन्हा त्यांच्याकडे देणार नाही.

देवाच्या पत्रिकांचे मास्तर पैसे घेत नाहीत. पहिली पद्मालयच्या गणपतीला, मग मनुदेवी, धुळ्याची एकवीरा, वणीची सप्तशृंगी. या पाकिटांवर ते लाल शाईने लिहितात, पत्ता नाही, पिन नाही, फक्त देवाचं नाव आणि ठिकाण. चारही कोपऱ्यांना हळदीकुंकवाची बोटं आपण घरी लावायची. पद्मालयला आम्ही सगळे गेलो होतो. तिथे गाभाऱ्यात दोन गणपती आहेत, एक उजव्या सोंडेचा, एक डाव्या सोंडेचा. मास्तरांनी त्यासाठी आठवणीने दोन पाकिटं लिहून दिली होती.

ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी: लग्नसराईत, खास करून आखाजीच्या आधी, यादी निदान महिनाभर अगोदर नेऊन द्या, कारण हाताने लिहिणारा माणूस एकच आहे आणि तो घाई करत नाही. तक्ता आधी आणून ठेवा, घरातल्या बायकांना सोबत बसवून भरा, चुली आणि नावं त्यांनाच नीट माहीत असतात. गावातली आणि नात्यातली पाकिटं हाताने लिहून घ्या. स्टिकर घ्यायचीच असतील तर ऑफिसपुरती घ्या आणि प्रत्येक ओळीचं प्रूफ स्वतः वाचा, 'श्री.' आणि 'सौ.' आधी. पाचदहा कोरी पाकिटं जास्त मागून घ्या, आयत्या वेळी राहिलेलं घर आठवतंच. दुकान रविवारी दुपारी बंद होतं आणि मास्तर संध्याकाळी पाचनंतर भेटत नाहीत.